आईला रक्त जुळेना : आयसीटी, अँटिबॉडी आणि न मिळालेला कागद

कोयनाकाठ

नमस्कार. गेल्या महिन्यात आईच्या निमित्ताने रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी, म्हणजे आयसीटी (इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट), हा प्रकार फार जवळून बघितला. ज्यांच्या घरात कुणाला कधी रक्त चढवलंय, किंवा ज्यांची दोन-तीन बाळंतपणं झालीत, त्यांनी वाचावं म्हणून धागा काढतेय. थोडं लांबेल.

आई ६८ वर्षांची. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हिमोग्लोबिन ७.८. ऑपरेशनआधी दोन पिशव्या रक्त लागेल म्हणाले. गट ओ पॉझिटिव्ह, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आमच्या गल्लीतच चार जण मिळाले असते. संध्याकाळी रक्तकेंद्रातून भावाला फोन आला. चार पिशव्या लावून बघितल्या, चारही मॅच होत नाहीत, पेशंटच्या रक्तात अँटिबॉडी आहेत. भावाला वाटलं आईला कसलंतरी इन्फेक्शन झालंय. कोविडपासून हा शब्द आपल्याला त्याच अर्थाने माहीत झालाय ना. तो म्हणाला, माझं घ्या, सख्खा मुलगा आहे, माझंही ओ पॉझिटिव्हच आहे. त्याचंही लावून बघितलं. तेही जुळलं नाही. रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून तो अक्षरशः रडला.

ऑपरेशन पुढे ढकललं. आईचं सॅम्पल, म्हणजे जांभळ्या बुचाच्या दोन नळ्या आणि एक साधी लाल बुचाची नळी, बर्फाच्या डब्यात घालून मी पुण्याच्या एका मोठ्या रक्तकेंद्रात घेऊन गेले. तिथल्या ताईंनी मला बाहेर नुसतं बसवून ठेवलं नाही. तपासणी झाल्यावर कार्ड हातात घेऊन दाखवलं. पत्त्याएवढं प्लास्टिकचं कार्ड, त्यात सहा बारीक नळ्या, नळ्यांत पारदर्शक जेल. पहिल्या तीन नळ्यांत तीन वेगवेगळ्या तयार लाल पेशी आणि आईचा सिरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पाणी). पहिल्या नळीत लाल ठिपका थेट तळाशी बसला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीत लाल रेघ वरच अडकली होती. चौथ्या नळीत आईच्याच पेशी आणि आईचाच सिरम, तिथे ठिपका पुन्हा तळाशी. त्या म्हणाल्या, "पेशी एकमेकींना चिकटल्या की जेलमधून खाली उतरत नाहीत. तुमच्या आईच्या स्वतःच्या पेशी सुटसुटीत उतरल्या, म्हणजे ती स्वतःच्या रक्ताविरुद्ध नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेशीत असं काहीतरी आहे जे तिच्याकडे नाही."

पुढे अशाच अकरा तयार पेशींचं पॅनेल (संच) लावलं आणि रिपोर्ट आला : अँटी-स्मॉल सी आढळली, अँटी-ई (मोठ्या ई विरुद्धची) नाकारता येत नाही. त्यांनी त्यांच्याकडच्या ओ पॉझिटिव्ह पिशव्या स्मॉल सी आणि ई साठी तपासल्या, पाचातून दोन निगेटिव्ह निघाल्या, त्या क्रॉसमॅचला (पिशवीतलं रक्त आईच्या रक्ताशी लावून बघतात तो) जुळल्या. आईला रक्त चढलं, काहीही त्रास झाला नाही, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. २०११ साली आईची गर्भाशयाची पिशवी काढली तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात रक्त लागलं होतं. वडिलांना एवढंच आठवतं की "तेव्हाही रक्त मिळायला दोन दिवस लागले होते." म्हणजे तेव्हाही कुणीतरी हे शोधलं असणार! कुणीतरी कार्डवरची ती रेघ बघितली असणार. पण आम्हाला एक कागद मिळाला नाही, डिस्चार्ज कार्डावर एक ओळ नाही. इतक्या वर्षांनी मोडक्या हाडाच्या वेदना सहन करत आई चार दिवस पडून राहिली ती त्या एका ओळीपायी. मला याचा फार राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

इथे रक्तकेंद्रात काम करणारं कुणी असेल तर माझ्या लिहिण्यात चूक असेल ती दाखवा. आणि दोन प्रश्न आहेत. भावाचं का जुळलं नाही? आणि "नाकारता येत नाही" म्हणजे काय, आहे की नाही?

---

लालपेशी

ताई, चूक काहीच नाही. बावीस वर्षं याच टेबलावर काम करतोय, इतकं नीट लिहिलेलं क्वचित वाचलं. आधी तुमच्या भावाचं.

लाल पेशीवर ए, बी आणि आरएचचा डी एवढंच नसतं, शेकडो अँटिजेन (पेशीवरच्या ओळखीच्या खुणा) असतात. आरएचमध्येच डीशिवाय मोठा सी, स्मॉल सी, मोठा ई, स्मॉल ई. आपल्याकडे दहातल्या साधारण चार जणांकडे स्मॉल सी नसतो, तुमची आई त्यातली. स्मॉल सी नसलेल्या माणसाकडे दोन्ही बाजूंनी मोठा सी आलेला असतो. तुमच्या वडिलांकडे स्मॉल सी असणार, तो भावाकडे आला. पोटात असताना किंवा बाळंतपणाच्या वेळी मुलाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात गेल्या, आईच्या शरीराला त्या परक्या वाटल्या आणि अँटिबॉडी तयार झाली. म्हणजे आईला ज्यांच्यामुळे ही अँटिबॉडी झाली असू शकते, त्यातलाच तो एक. जुळणार कसं? याउलट आईच्या सख्ख्या भावंडांपैकी कुणाचं जुळण्याची शक्यता चांगली असते. अर्थात जवळच्या नातेवाइकाचं रक्त दिलं तर त्यावर आधी किरणांचा मारा (इरॅडिएशन) करावा लागतो, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णावरच उलटण्याचा धोका असतो. भावाला सांगा, त्याने काही कमी केलं नाही.

बाळंतपणाशिवाय आईला २०११च्या आधी कधी रक्त चढवलं होतं का?

---

कोयनाकाठ

हो. १९८७ ला धाकट्याच्या वेळी खूप रक्तस्राव झाला होता, दोन बाटल्या दिल्या होत्या. एकूण चार बाळंतपणं. भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. धन्यवाद दादा.

---

लालपेशी

मग दोन्ही वाटा मोकळ्याच होत्या. ए-बीविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्याकडे तान्हेपणीच आपोआप तयार होतात. बाकीच्या बहुतेक अशा परकं रक्त शरीरात आल्यावरच होतात, रक्तातून नाहीतर गर्भातून.

आता "नाकारता येत नाही". हे आम्ही टाळाटाळ म्हणून लिहीत नाही. पॅनेलमधल्या प्रत्येक पेशीवर कुठले अँटिजेन आहेत याचा तक्ता सोबत येतो. कुठल्या पेशी चिकटल्या आणि कुठल्या नाहीत हे तक्त्याशी ताडून एकेक नाव खोडत जायचं. ज्या पेशीवर अँटिजेन आहे आणि तरी ती चिकटली नाही, त्या अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी नाही असं धरायचं. आता मोठा ई असलेल्या जवळपास सगळ्या पेशींवर स्मॉल सीसुद्धा असतो. म्हणजे त्या पेशी स्मॉल सीमुळे चिकटणारच. ई आहे पण स्मॉल सी नाही अशी पेशी फार दुर्मीळ, साध्या पॅनेलमध्ये बहुधा नसते. म्हणून अँटी-ई आहे की नाही हे कळायला वाव राहत नाही. अशा वेळी ती आहे असं धरून दोन्ही नसलेलं रक्त द्यायचं. तुमच्या पुण्याच्या ताईंनी तेच केलं. काम चोख.

तीन पेशींच्या स्क्रीनिंगमध्ये पहिली चिकटली नाही, दुसरी-तिसरी चिकटली, हे वाचूनच माझ्या डोक्यात स्मॉल सी आला होता. नेहमीच्या संचात पहिल्या पेशीवर स्मॉल सी नसतो, पुढच्या दोघींवर असतो.

---

सह्यकडा

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. स्मॉल सी नसलेले दहात चार असतील, तर नुसत्या पिशव्या लावत गेलं असतं तरी पाचवी-सहावी जुळली असतीच की. मग पुण्यापर्यंत धावपळ कशाला?

---

लालपेशी

रास्त प्रश्न आहे, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री दोन वाजता नाइलाजाने हेच करतात. पण यात एक खड्डा आहे. एखाद्या दात्याकडे अँटिजेन दोन्ही पालकांकडून आलेला असतो, एखाद्याकडे एकाच पालकाकडून. एकाच बाजूने आलेल्याच्या पेशीवर तो कमी असतो. रुग्णाची अँटिबॉडी क्षीण असेल तर अशी पिशवी क्रॉसमॅचला "जुळली" असं दिसतं. रक्त चढतं, त्या दिवशी सगळं ठीक. मग शरीराला जुनी ओळख आठवते, अँटिबॉडी झपाट्याने वाढते, आणि पाच-दहा दिवसांनी चढवलेल्या पेशी फुटायला लागतात. हिमोग्लोबिन परत खाली, डोळे पिवळे, लघवी गडद. तोवर पेशंट घरी गेलेला असतो आणि गावातले डॉक्टर कावीळ म्हणून औषध देतात.

किड नावाच्या गटाच्या अँटिबॉडी यासाठी कुप्रसिद्ध आहेत. त्या काही महिन्यांत, वर्षांत इतक्या उतरतात की तपासणीत दिसतच नाहीत. स्क्रीनिंग निगेटिव्ह, क्रॉसमॅच जुळलेला, आणि तरी रिअॅक्शन. तेव्हा एकच गोष्ट पेशंटला वाचवू शकते : जुना कागद. म्हणून कोयनाकाठ ताईंचा राग मला शंभर टक्के पटतो.

---

प्राजक्त

मी नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. मी ए निगेटिव्ह, नवरा बी पॉझिटिव्ह, पहिलंच बाळ. तिसऱ्या महिन्यात आयसीटी निगेटिव्ह आली होती. २८व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन झालं. आता ३१व्या आठवड्यात दुसरीकडे दाखवायला गेले, त्यांनी परत आयसीटी सांगितली आणि ती पॉझिटिव्ह आली, टायटर (म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण) १:२. मैत्रिणीने सांगितलं की आता बाळाचं रक्त फुटणार, बाळाचं रक्त बदलूनसुद्धा घ्यावं लागतं वगैरे. तीन रात्री झोपले नाहीये. प्लीज कुणीतरी सांगा.

---

लालपेशी

ताई, आधी शांत व्हा. नव्या डॉक्टरांच्या फॉर्मवर इंजेक्शनची तारीख लिहिली होती का?

ते इंजेक्शन म्हणजेच अँटी-डी. तयार अँटिबॉडी बाहेरून तुमच्या रक्तात सोडलेली. बाळाच्या ज्या थोड्या पेशी तुमच्या रक्तात येतील त्या तुमच्या शरीराने ओळखण्याआधीच पुसून टाकाव्यात यासाठी. ती तुमच्या रक्तात काही आठवडे फिरते, आणि तपासणीला ती इंजेक्शनमधली की तुमची स्वतःची हे ओळखता येत नाही. तीन आठवड्यांनी १:२ एवढं क्षीण टायटर इंजेक्शनचंच असण्याची शक्यता फार मोठी. इंजेक्शनच्या तारखेसह हा रिपोर्ट आधीच्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते पुन्हा टायटर बघतील. इंजेक्शनचं असेल तर ते उतरत जातं, स्वतःची अँटिबॉडी असेल तर बहुधा टिकते किंवा चढते.

म्हणून २८व्या आठवड्यात क्रम हा : आधी आयसीटीसाठी रक्त काढायचं, मग इंजेक्शन. उलटं झालं की रिपोर्टचा अर्थ लावताना सगळेच अडकतात. आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत दुसरं इंजेक्शन, ते चुकवू नका.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं ज्या बायकांना खरंच स्वतःची अँटी-डी झाली आहे त्यांच्याबद्दल आहे. त्यांना इंजेक्शनचा उपयोग नसतो. त्यांचं टायटर ठरावीक आठवड्यांनी बघतात. १:१६च्या आसपास गेलं की बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीचा डॉपलर करतात. रक्त पातळ असेल तर तिथला प्रवाह वेगाने धावतो, त्यावरून बाळाला ॲनिमिया आहे का ते कळतं, सुई न टोचता. फारच असेल तर पोटातल्या बाळालाच नाळेतून रक्त देतात. हे आता आपल्याकडेही होतं.

---

प्राजक्त

नाही, तारीख लिहिली नव्हती. मला कुणी विचारलंच नाही. डोळ्यात पाणी आलं दादा. उद्या सकाळी जाते.

---

दूरदेशी

लीड्सहून लिहितेय. इथे आरएच निगेटिव्ह असो की पॉझिटिव्ह, प्रत्येक गरोदर बाईची अँटिबॉडी तपासणी पहिल्या भेटीत आणि २८व्या आठवड्यात होते. मी ओ पॉझिटिव्ह, म्हणून मला वाटायचं आपल्याला याचं काय. माझ्यात अँटी-के निघाली. केल गटाची. पहिलं बाळ सुखरूप झालं होतं, पण त्याच्या वेळी मला रक्त दिलं होतं.

इथल्या मिडवाइफने सांगितलेलं एक वेगळेपण सांगते. अँटी-डी बाळाच्या तयार पेशी फोडते. अँटी-के त्याशिवाय बाळाच्या शरीरात पेशी तयार होण्याचंच काम मंदावते, त्यामुळे टायटर कमी असलं तरी भरवसा ठेवत नाहीत. नवऱ्याचं रक्त तपासलं, तो के निगेटिव्ह निघाला, म्हणजे बाळाला धोका नाही. त्या एका साध्या तपासणीने आमचे पुढचे पाच महिने सुखाचे गेले.

आणि कोयनाकाठ, मला इथे एक कार्ड दिलंय. पाकिटात असतं. कुठली अँटिबॉडी, कधी सापडली. भारतात येते तेव्हाही सोबत असतं.

---

सह्यकडा

म्हणजे आपल्याकडे पॉझिटिव्ह गटाच्या बायकांची आयसीटी होतच नाही?

---

लालपेशी

नेमाने होते ती निगेटिव्ह गटाच्यांची. पॉझिटिव्हवाल्यांची बऱ्याच ठिकाणी होत नाही. रक्त चढवण्याआधीचंही तेच. मोठ्या केंद्रांत प्रत्येक रुग्णाचं स्क्रीनिंग होतं, छोट्या ठिकाणी गट आणि क्रॉसमॅच एवढंच. तीन पेशींचा संच महाग, त्याची मुदत काही आठवड्यांचीच, रोजचे रुग्ण कमी असतील तर तो फुकट जातो. मी हे समर्थन म्हणून सांगत नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी आठवडाभर गट आणि स्क्रीनिंग झालं तर शोधाशोधीला वेळ मिळतो. कोयनाकाठ यांच्या आईसारख्या, चार बाळंतपणं आणि आधी रक्त घेतलेल्या बाईच्या बाबतीत तर डॉक्टरांनी ते मागूनच घ्यावं.

---

मिरजमळा

माझा मुलगा ११ वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त. त्याच्या पहिल्या पिशवीआधी एका परिचारिकेने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, रक्त चढवायच्या आत याचा पूर्ण आरएच आणि केल गट करून घ्या, एकदा चढलं की दात्याच्या पेशी मिसळतात आणि मग तपासणी खरी येत नाही." मला तेव्हा एक अक्षर कळलं नव्हतं. पण करून घेतलं. त्याला तेव्हापासून शक्य तितकं आरएच-केल जुळवून रक्त मिळतंय, आजपर्यंत अँटिबॉडी नाही. आमच्या डे केअरमध्ये दोन मुलांना झाल्यात, त्यांच्या आईबापांची दर वेळची वणवण बघवत नाही. थॅलेसेमियाचं निदान नुकतंच झालेलं बाळ कुणाच्या घरात असेल तर ही एक गोष्ट पहिल्या पिशवीआधी करा.

---

परळकर

धागा वाचून मला माझी गोष्ट सांगायलाच हवी. कॉलेजच्या शिबिरात मला ओ ठरवलं होतं. नंतर एका केंद्राने सिरम ओ पेशींवर लावून बघितला तर जोरदार चिकटला. स्क्रीनिंगच्या तिन्ही नळ्यांत रेघ वर, माझ्या स्वतःच्या पेशी मात्र तळाशी. बॉम्बे गट. १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट पहिल्यांदा नोंदवला. ओ गटाच्या पेशीवर जो एच अँटिजेन असतो तोही आमच्याकडे नसतो, म्हणून ओसुद्धा आम्हाला चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असं सांगतात.

माझी खात्री परळच्या संस्थेत झाली, केईएमच्या आवारात आहे ती. रक्तगटांची गुंतागुंत सोडवायला देशभरातून तिथे सॅम्पल येतात. तिथल्या बाईंनी मला बजावलं होतं, तुमच्या गटावर ओ लिहू देऊ नका, कुणी लिहिलं तर खोडायला लावा. मी अजून तसंच करतो. वर्षातून दोनदा रक्त देतो, बोलावलं तर मध्यरात्रीही जातो.

---

कोयनाकाठ

परळकर, तुम्हाला मनापासून नमस्कार.

लालपेशी दादा, एक कुतूहल. कार्ड यायच्या आधी हे कसं करायचे?

---

लालपेशी

काचेच्या नळीत. मी तसंच शिकलो. रुग्णाचा सिरम आणि ओ पेशी एकत्र करून ३७ अंशाला ठेवायच्या. मग सलाइनने तीन वेळा धुवायच्या. मग कूम्ब्स सिरमचे दोन थेंब, फिरवायचं, आणि नळी हलकेच तिरपी करून उजेडात बघायचं की तळाची गुठळी धुरासारखी सुटतेय की तुकड्यांनी तुटतेय. या अँटिबॉडी पेशीला चिकटतात, पण दोन पेशींना एकत्र धरायला हात पुरत नाही. कूम्ब्स सिरम दोघींमधला पूल. केंब्रिजच्या कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये ही पद्धत मांडली. युद्धाच्या दिवसांत आगगाडीतून जाताना कल्पना सुचली असं कूम्ब्स सांगत.

धुण्यात हयगय झाली तर उरलेलं प्रोटीन तो सिरम खाऊन टाकतं आणि पॉझिटिव्ह नळी निगेटिव्ह दिसते. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह नळीत शेवटी अँटिबॉडी लावलेल्या तयार पेशी टाकायच्या. त्या चिकटल्याच पाहिजेत. नाही चिकटल्या तर सगळं पहिल्यापासून. माझे सर त्या शेवटच्या पेशी टाकल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नसत, बाहेर नातेवाईक कितीही ओरडत असले तरी.

---

प्राजक्त

आत्ताच आले. डॉक्टरांनी इंजेक्शनची तारीख बघितली आणि तेच म्हणाल्या जे दादांनी सांगितलं. तीन आठवड्यांनी एकदा टायटर बघू, सोनोग्राफी चांगली आहे. नव्या फाइलच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल पेनने इंजेक्शनची तारीख लिहिली. आज झोपेन.

---

कोयनाकाठ

छान वाटलं गं प्राजक्त. काळजी घे.

आई आता वॉकरने ओसरीपर्यंत येते. काल तिच्यासाठी एक चिठ्ठी तयार केली, लॅमिनेट करून तिच्या बटव्यात आधार कार्डामागे ठेवणार आहे. मजकूर असा : "रक्तगट ओ पॉझिटिव्ह. रक्तात अँटी-स्मॉल सी अँटिबॉडी आहे, अँटी-ई असण्याची शक्यता. स्मॉल सी आणि मोठा ई निगेटिव्ह रक्तच द्यावे." खाली भावाचा आणि माझा नंबर. काही राहिलंय का?

---

लालपेशी

दोन गोष्टी घाला. ज्या केंद्रात सापडली त्याचं नाव आणि तारीख. आणि ही ओळ : "पुढील तपासणीत अँटिबॉडी दिसली नाही तरी वरील सूचना पाळावी." मूळ रिपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा, आणि एक प्रत तुमच्या तालुक्याच्या रक्तकेंद्रात नेऊन द्या, त्यांच्या नोंदीत राहू दे.